पेटी परकी, लावणी हलकी, संबळ ‘लोक’: ‘अस्सल भारतीय संगीता’ची यादी कोण करतं?

तिस्रजाती

‘आपलं खरं संगीत म्हणजे रागदारी, बाकी सगळी करमणूक.’ हे वाक्य मी क्लासमध्ये ऐकलंय, मैफलीच्या मध्यंतरात ऐकलंय, आणि लग्नाच्या मांडवात संबळ सुरू झाला की तोंड वाकडं करणाऱ्या नातेवाइकांकडूनही ऐकलंय. रागदारी मला जिवापाड प्रिय आहे, लहानपणापासून शिकतेय. तरी हे वाक्य कानावर पडलं की चीड येते. अस्सल काय आणि उपरं काय याची यादी आभाळातून पडत नाही. ती कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून केलेली असते, आणि दरवेळी एखादा प्रांत किंवा एखादी जमात तिच्या बाहेर राहते.

पेटीचंच घ्या. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. ती १९७१ मध्ये सैल झाली, तीही टप्प्याटप्प्याने. पेटीविरुद्ध हिरिरीने लिहिणाऱ्यांत जॉन फाउल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते, दिल्ली केंद्रावरच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख. रवींद्रनाथांनी बंदीला पाठिंबा दिला. नेहरूंनाही पेटीचं वावडं होतं. हे तिघं तीन दुनियांतले, पण पेटी भारतीय नाही यावर त्यांचं एकमत. आणि याच तीसेक वर्षांत इकडे काय चाललं होतं? कीर्तनात पेटी, भजनी मंडळात पेटी, नाटकाच्या पिटात पेटी, तमाशात पेटी. गोविंदराव टेंब्यांनी तर स्वतंत्र वादनाने तिला मैफलीचं वाद्य करून दाखवलं होतं. महाराष्ट्राच्या रोजच्या गाण्याचा आधारस्वर देशाच्या रेडिओवर परका ठरला.

बरं, परदेशी म्हणून नको म्हणावं, तर व्हायोलिन कुठलं? बाळुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं त्याला आता दोनशे वर्षं झाली. त्यावर कुणी बंदी घातली नाही. उलट आपली पेटी, जमिनीवर मांडी घालून एका हाताने भाता मारत वाजवायची, ही घडणच कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांच्या कारखान्यातली. युरोपातला मूळ बाजा पायाने हवा भरायचा.

दुसरा दाखला बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचा. १९५२ ते १९६२ ते माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. सिनेमाची गाणी हलकी म्हणून रेडिओवरून त्यांनी जवळपास हद्दपार केली आणि शास्त्रीय संगीताचा वाटा वाढवला. परिणाम असा, की लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू प्रामाणिक होता असंच मी मानते, आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. प्रामाणिक माणूसही राष्ट्राच्या नावाने स्वतःच्या वर्गाची आवड लोकांना पाजू शकतो.

तुम्हाला काय वाटतं?

काळी_चार

धागा उत्तम, पण पेटीबाबत माझा ठाम विरोध नोंदवतो. ती टीका फक्त देशी-विदेशीची नव्हती, सुराची होती.

दोन तानपुरे नीट लावून शांतपणे कान द्या. घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा बरोबर जागी बसला की खर्जाच्या तारेतून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, तारेतच असतो. हा स्वयंभू गंधार आणि पेटीच्या समान अंतराच्या पट्ट्यांमधला गंधार यात फरक आहे: अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांचा. पेटीचा गंधार चढा लागतो. यमन गाताना तानपुरा एक सांगतो आणि पेटी दुसरं. दरबारीतला आंदोलित गंधार, भैरवातला झुलता रिषभ, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणारी मींड, यातलं काहीही पेटीत नाही, कारण पट्टी दाबली की स्वर जागच्या जागी खिळतो. एखाद्या गायकाने आयुष्यभर श्रुती शोधली असेल तर त्याला हे बोचणारच. त्याला राष्ट्रवादाचं लेबल कशाला?

आणि राष्ट्रीय संगीताची कल्पना काढून टाकली तर पलुस्कर-भातखंड्यांचं काय करायचं? पलुस्कर कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि शाळा काढली १९०१ मध्ये थेट लाहोरला. भातखंडे पेशाने वकील. १९०४ मध्ये दक्षिण फिरले, जुनी हस्तलिखितं पाहिली, रागांचे दहा थाट, म्हणजे गट, बांधले, १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. बंद खोलीतली विद्या त्यांनी वहीत उतरवली. आज मध्यमवर्गातली मुलगी कुणाच्या घराण्यात जन्म न घेता गाणं शिकते, त्यामागे हेच ‘टेबल’ आहे.

सीमाभाग

काळी_चार, भातखंडे-पलुस्करांबद्दल सहमत. पण त्यांनी आखलेला नकाशा आणि गाण्याचा खरा नकाशा वेगळे आहेत हे इथे आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात रोज दिसतं.

भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व. चौघांची मायबोली कन्नड. गायकी ‘हिंदुस्थानी’. सर्वांत जास्त जीव लावणारा श्रोता मराठी. किराणा घराण्याचं नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून, पण अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला येऊन राहिले आणि ती गायकी मिरज, हुबळी, धारवाड, पुणे या पट्ट्यात रुजली. जयपूर-अत्रौलीच्या नावात कोल्हापूर कुठेच नाही, पण शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले नसते तर ती गायकी आज कुठे असती? तानपुरे-सतारी बनवणारी मिरजेतली घराणीही याच पट्ट्यातली.

मराठी माणूस ज्याला ‘आमचं’ म्हणून छातीशी धरतो ते नाट्यसंगीत तरी कुठून आलं? अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आज ते गाव कर्नाटकात. १८८० च्या शाकुंतलात साकी-दिंडी या मराठी वृत्तांच्या शेजारी कर्नाटकी चाली बसल्या. १९११ च्या मानापमानात टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या. भाषेवरून आमच्याकडे इतकी भांडणं झाली, अजून होतात, पण मैफलीत ‘हा गायक कुणाचा’ हा प्रश्न विचारायला मन धजत नाही. सीमेच्या वादात मी एका बाजूचा आहे आणि राहीन. गाण्यात मात्र मला ती रेघ सापडत नाही.

चंद्रभागा

सगळं वाचतेय, छान चाललंय. पण अजूनही चर्चा बैठकीच्या खोलीतच आहे. लावणीचं बोलूया.

होनाजी बाळा. होनाजी गवळी, बाळा शिंपी, दोघं पेशवाईतले शाहीर. त्यांची ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी मराठी घरांत पहाटे किती श्रद्धेने ऐकली जाते. त्याच शाहिरांच्या लावण्या मात्र त्या घरांत चालत नाहीत. रचणारे तेच, बोली तीच, मग देवाला उठवलं की संस्कृती आणि बाईने मनातलं सांगितलं की हलकं, असं का?

माझ्या मते यात संगीताचा प्रश्न फार थोडा आहे, गाणारी बाई कोण हाच प्रश्न मोठा आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे रेडिओने ज्यांचं खासगी आयुष्य ‘बदनाम’ मानलं जाई अशा गायिकांना दारं बंद केली. त्याच सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवरच तो मोकळा झाला. ज्या बायकांनी ठुमरी जपली, ज्यांनी लावणी जपली, त्यांच्याकडून गाणं घेतलं आणि त्यांना दाराबाहेर ठेवलं. तेच गाणं चांगल्या घरच्या बाईने गायलं की ते सुगम संगीत.

बैठकीची लावणी ज्यांनी समोर बसून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाय हलत नाहीत. गायिका पाय दुमडून बसलेली असते. एक ओळ घेते आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते: एकदा रुसून, एकदा टोमणा मारून, एकदा समोरच्याकडे न बघता पदराचा काठ बोटाला गुंडाळत. चाल तीच, शब्द तेच, आणि दरवेळी अर्थ निराळा. मधे पेटीवाला तिने घेतलेली जागा हळूच परत देतो, ढोलकीवाला धुम दाबून धरतो आणि समेवर सोडतो. एका शब्दाचा असा विस्तार ठुमरीत केला की आपण त्याला बोल-बनाव म्हणतो आणि दाद देतो. यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्यासाठी त्यांना किती म्हातारं व्हावं लागलं याचा विचार करा. जन्म १९१५ चा.

तिस्रजाती

@काळी_चार, स्वयंभू गंधाराचा मुद्दा अगदी मान्य, मलाही तो चढा गंधार टोचतो. पण त्यावर उपाय करणारे पेटीवादकच होते. ठरावीक षड्ज धरून, आतली स्वर देणारी धातूची पाती (रीड) घासून, गंधार-धैवत उतरवून लावलेल्या पेट्या आपल्याकडे वाजतात. कसबी संगतकार मींडेच्या जागी कणस्वर (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) देऊन भास उभा करतो, नाहीतर सरळ हात उचलून गायकाला मोकळं सोडतो. रेडिओने पेटी कशी लावावी यावर काम केलं असतं तर ती सुराची काळजी झाली असती. वाद्यच हद्दपार करणं हा आपलं कोण आणि परकं कोण याचा निकाल होता.

@चंद्रभागा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने विचारलंय की बैठकीच्या लावणीत राग कोणते येतात?

चंद्रभागा

आईंना नमस्कार सांगा. पिलू, भैरवी, खमाज, यमन यांच्या अंगाने जाणाऱ्या बऱ्याच सापडतील. पण गायिका रागाचं नाव घेऊन गात नाही. चाल गुरूच्या किंवा आईच्या गळ्यातून आलेली असते, त्यामुळे परका स्वर लागला तरी तो चुकला असं कुणी म्हणत नाही.

वस्तीतली_हलगी

मी एक वेगळी बाजू मांडतो, आणि ती धागाकर्तीलाही अडचणीची वाटेल.

लोकसंगीत जपा, हलगी जपा, संबळ जपा, असं बोलणाऱ्यांचं मला कौतुक आहे. पण हलगी कोण वाजवत होतं? गावात मेलं की वाजवायची, जत्रेत देवापुढे वाजवायची, पाटलाच्या दारात वाजवायची, आणि जेवायची वेळ आली की लांब बसायचं. शेकोटीवर कातडं तापवून स्वर चढवायचा, काडीने कडक टिपरी काढायची, ही कला आमच्या आजोबा-पणजोबांच्या हातात होती आणि त्या कलेबरोबर लाचारीही होती. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर किती गावांत आमच्या माणसांनी गावकीची कामं सोडली, त्यात वाजवणंही सोडलं. आता शहरातले लोक म्हणतात की परंपरा लोप पावतेय. ती आम्ही सोडली. विचार करून सोडली.

त्या जागी आम्ही जे उभं केलं तेही संगीतच आहे. भीमराव कर्डकांचा जलसा घ्या. तमाशाचा साचा घेतला आणि त्यात आशय आपला भरला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) वाडी-वस्तीवर जाऊन गात राहिले. भीमगीतांच्या चाली कधी लावणीच्या, कधी कव्वालीच्या, कधी सरळ सिनेमातल्या. त्या चाली ‘अस्सल’ आहेत का हे वस्तीवर कुणी विचारत नाही. १४ एप्रिलच्या रात्री हजार माणसं एका ओळीवर उभी राहतात, ती ओळ कुणाची, एवढंच विचारतात.

तेव्हा ‘रागदारी की लोकसंगीत, खरं भारतीय कुठलं’ हा वाद माझ्यासाठी दोन उच्च जागांमधला आहे. कुठलीही यादी करा, आमचं गाणं ‘चळवळीचं साहित्य’ म्हणून वेगळ्या कप्प्यात जातं. त्याला संगीत म्हणून ऐका, चाल ऐका, कोरसची जागा ऐका, ढोलकीचा ठेका ऐका.

कावेरी_काठ

मी तंजावुरी मराठी. घरी अजून मराठी बोलतो, इथे लिहिताना शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सीमाभाग यांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या गावी ‘शुद्ध दाक्षिणात्य परंपरा’ म्हणून जे दाखवतात त्यात मराठी किती आहे हे थोड्यांना माहीत असतं. भोसले राजांच्या काळात महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला आले. त्यांच्याकडून साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं तमिळ हरिकथेत गेली आणि आजही ती त्याच नावांनी गायली जातात. तंजावरच्या शहाजीराजांनी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) तेलुगूत यक्षगानं, म्हणजे गेय नाटकं, लिहिली. भरतनाट्यमच्या मार्गमाची, म्हणजे कार्यक्रमातल्या नृत्यांच्या ठरलेल्या क्रमाची, मांडणी ज्यांनी केली ते तंजावरचे चार बंधू दुसऱ्या सरफोजींच्या दरबारातले. मराठी राजा, तेलुगू पदं, तमिळ नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू.

आणि प्रांताची तक्रार फक्त उत्तरेबद्दल नसते. १९४० च्या दशकात तमिळ इसै चळवळ उभी राहिली, कारण मद्रासच्या मैफलींत तेलुगू-संस्कृत कृतींचा वरचष्मा होता आणि तमिळ रचना शेवटी, ‘तुक्कडा’ म्हणजे छोट्या, हलक्या रचना म्हणून गायल्या जात. अण्णामलै चेट्टियारांनी त्यासाठी पैसा आणि संस्था उभी केली. विरोध करणारे म्हणत, संगीताला भाषा नसते. आमचे एक काका त्यावर म्हणायचे, संगीताला भाषा नसेल तर तमिळ गायल्याने त्याचं काय बिघडतं? मला हा प्रश्न अजून बिनतोड वाटतो.

मांडवी

गोव्यातून. घुमट हे आमचं मातीचं वाद्य, २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. जुने जाणकार म्हणतात की घोरपडीच्या कातड्याशिवाय घुमटाला घुमट म्हणू नये. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा आता बकऱ्याचं कातडं लावतात. नाद बदलतो, खोटं कशाला बोलू. पण आरतीला बसलेली पोरं त्याच जोमाने वाजवतात.

दुसरी गोष्ट. मांडो हा गाण्याचा प्रकार कोंकणी, पण त्यात व्हायोलिन. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलं स्वरलेखन शिकली, त्यातलेच अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा पुढे मुंबईत गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाला आकार दिला. साऱ्या देशाला ‘आपलं’ वाटणाऱ्या त्या गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे गोव्याच्या पोरांनी लिहिले-वाजवले. पडद्यावर त्यातल्या बहुतेकांची नावं आली नाहीत.

गिरणाकाठ

खान्देशातून लिहितोय. वय लहान आहे, काही कमी-जास्त बोललो तर मोठ्यांनी सांभाळून घ्या.

आमच्याकडे लग्नात अहिराणी गाणी डीजेवर वाजतात आणि गावातली म्हातारी माणसंसुद्धा नाचतात. शहरात शिकायला गेलो तेव्हा हॉस्टेलला हेच गाणं लावलं तर बाजूच्या खोलीतून ‘गावठी बंद कर’ म्हणून आवाज आला. म्हणणारा मराठीच होता. पुण्या-मुंबईची मराठी ती मराठी, अहिराणी ती बोली. भावगीत ती संस्कृती, आमचं ते गावठी. दिल्लीने मराठीला दुय्यम मानलं की आपण रागावतो, आणि तेच आपण अहिराणीशी, झाडीपट्टीशी, मालवणीशी करतो. ढोल-ताशा पथकाला परंपरा म्हणून मान मिळतो, पण त्याचं आजचं शिस्तबद्ध, गणवेशातलं रूपसुद्धा अलीकडचं आहे. मिरवणुकीतला बेंजो घ्या, तो बुलबुलतरंग मुळात जपानी वाद्यावरून आला. कानाचे पडदे फाटतील एवढ्या आवाजाला माझा पण विरोध आहे. मात्र आवाज कमी करा म्हणणं वेगळं आणि गाणंच हलकं म्हणणं वेगळं.

आजी कानबाईची गाणी म्हणते. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर बायका जागतात. ती गाणी मी मोबाइलवर घेऊन ठेवलीत. कुणाला ऐकायची असतील तर आजीला विचारून देईन.

काळी_चार

@गिरणाकाठ, नक्की विचार, मला ऐकायची आहेत. शब्दही लिहून पाठव, अहिराणी पूर्ण कळत नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. तसं काम कानबाईच्या गाण्यांवर व्हायला हवं, आणि रेकॉर्डिंगसोबत गाणाऱ्या बाईचं नाव लिहिलं जायला हवं.

@वस्तीतली_हलगी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाजवणं सोडण्याचा निर्णय हाही संगीताच्या इतिहासाचा भाग आहे, तो कुठल्याच पुस्तकात मला भेटला नव्हता.

मूळ मुद्द्यावर मात्र मी हटत नाही. मान सर्वांना सारखा असावा, पण कस सारखा असतो असं नाही. दोन तास एक राग मांडायला जी तालीम लागते ती लागतेच. ती टिकवायला सरकारने पैसा घातला तर मला ते योग्य वाटतं, बाजार ते करणार नाही. केसकरांचं फळ म्हणून आकाशवाणीकडे त्या काळच्या मोठ्या गवयांची ध्वनिमुद्रणं आज आहेत.

तिस्रजाती

पैसा घालायला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो एकाला तालमीसाठी पगार आणि दुसऱ्याला २६ जानेवारीच्या चित्ररथावर फेटा बांधून उभं करण्याला. गोंधळी बापाकडून मुलगा संबळ शिकतो: तिरक्या काडीने मोठ्या भांड्यावर घुमारा कसा काढायचा, देवीला हाक घालताना लय कुठे चढवायची, तुणतुण्याची एकच तार पिळून गायकाच्या स्वराला कशी आणायची. रात्रभर आख्यान लावून धरायचं, शेकडो ओळी तोंडपाठ. ही तालीम नाही तर काय? तिला प्रमाणपत्र नाही म्हणून आपण ती मोजत नाही. आकाशवाणीकडे गवयांची ध्वनिमुद्रणं आहेत याचा मलाही आनंद आहे, पण त्याच वर्षांत माहूर-तुळजापूरच्या गोंधळ्यांची किती तास नोंद झाली, हा प्रश्न तेव्हाच्या टेबलावर आला होता का?

@वस्तीतली_हलगी, तुमचं म्हणणं अडचणीचं आहे आणि ते तसंच राहू दे. संबळाबद्दल मी जे वर लिहिलं तेही वाजवणाऱ्याला विचारूनच पुढे न्यायला हवं. एक विनंती: वामनदादांच्या गाण्यांत कोरस नेमका कुठे येतो आणि ढोलकीचा ठेका कसा बदलतो यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाल का? आशयावर खूप लिहिलं गेलंय, चालींवर मला फारसं वाचायला मिळालं नाही.

वस्तीतली_हलगी

काढतो. जयंतीच्या तालमी सुरू आहेत, त्या आटोपल्या की बसतो. आमच्या गायन पार्टीतल्या ढोलकीवाल्यालाच लिहायला बसवतो, तो ठेका तोंडाने सांगेल, मी उतरवून घेईन.